सतरा नंबरच्या पिंपावरची खूण

रविवारी सकाळी वाइनच्या तळघरात काकांनी कोरड्या वाइनची बाटली उघडली, बूच नाकाखालून फिरवलं, पेल्यात बोटभर ओतून त्यात नाक घातलं आणि म्हणाले, "झकास. आज वर्गात पहिली हीच लावू."

त्यांच्या हाताखालच्या टिटवीनं सवयीनं तो पेला उचलून नाकाशी नेला. पेल्यातून ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. महिनाभर भिजत पडलेलं खोकं उघडल्यावर येतो, अगदी तसा. बूच खराब निघालं की वाइनला हा वास लागतो आणि मग ती ओतून देण्यापलीकडे तिचं काही करता येत नाही. तळघरात काम करणाऱ्याला हा वास पहिल्या महिन्यातच ओळखता यायला हवा. टिटवीला तो काकांनीच शिकवला होता.

काका पेले पुसायला वळले आणि ती फळीला टेकून उभी राहिली. गेल्या चार महिन्यांतल्या सुट्या सुट्या गोष्टी आता एका जागी येऊन बसल्या. चार महिन्यांपूर्वी काका तापानं दोन आठवडे अंथरुणाला खिळले होते. त्यानंतर एकदा त्यांनी करपलेलं दूध मिटक्या मारत प्यायलं होतं. एकदा शेगडी न पेटवताच गॅस सुरू राहिला होता आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. आणि मागच्या महिन्यात एका हॉटेलानं बाटल्यांचं अख्खं खोकं परत पाठवलं होतं, काकांनी स्वतः तपासून दिलेलं. काकांचं नाक गेलं होतं. अडतीस वर्षं ज्या नाकावर हे तळघर चाललं, ते नाक गेलं होतं आणि काकांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

नेमकं आजच मालकीणबाई वर्गाला येऊन बसणार होत्या.

दर रविवारी चार वाजता तळघरात वर्ग भरायचा. ज्यांनी कधी फोर्टिफाइड वाइन, म्हणजे कडक दारू घालून केलेली वाइन, चाखली नाही अशा बारा जणांना काका ती काय असते, कशी करतात आणि कशी प्यावी हे सांगायचे. काकांची बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शनिवारी दुपारपासूनच त्यांची रविवारची तयारी सुरू व्हायची: शर्टाला इस्त्री, दाढी, पेले मोजून ठेवणं. ते खोकं परत आल्यावर मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "रविवारी मीही बसते. बघू या काय चाललंय ते." बाई तशा वाईट नव्हत्या. वडील गेल्यावर दोन वर्षांत त्यांनी बरंच सावरलं होतं. पण शहरातून एक प्रमाणपत्रवाला जाणकार येऊन त्यांना भेटून गेला होता आणि त्यानं तळघर फिरून बघताना वर्गाच्या टेबलाची लांबीसुद्धा मोजली होती. टेबल कुणी उगाच मोजत नाही. आज काकांची चूक झाली, तर पुढच्या रविवारी या टेबलाशी तो उभा राहणार होता आणि काका वरच्या आपल्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून नुसते बसणार होते.

टिटवीनं ती बाटली गुपचूप मोरीत ओतली आणि थंड कपाटातून दुसरी कोरडी काढून तिच्या जागी ठेवली. काकांसाठी ती याहून बरंच काही करायला तयार होती, आणि त्याला कारण होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी ती इथं आली, तेव्हा एकतीस वर्षांची होती. पदरात सहा वर्षांची मुलगी, नवरा घर सोडून गेलेला, आणि हाताला कसलंही काम चालेल अशी अवस्था. पहिल्याच दिवशी पिंपामागून उंदीर पळाला तेव्हा ती अशी काही किंचाळली की काकांनी तिथल्या तिथे तिचं बारसं केलं. तेव्हापासून ती टिटवी. पगाराच्या पाकिटावर सोडून तिचं खरं नाव कुठेच उरलं नाही.

या तळघरात दोन रीती होत्या. पहिली अशी, की पिंपातलं आंबणं कधी थांबवायचं हे कानानं ठरवायचं. द्राक्षाचा रस आंबायला लागला की त्यातले जीव साखर खाऊन तिची दारू करतात, आणि पिंपाला कान लावला तर आत तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचावेत तसा चरचर आवाज येतो. साखर संपत आली की आवाज मंदावतो, मग थांबतो. अर्क, म्हणजे द्राक्षाचीच गाळलेली कडक दारू, ओतला की ते जीव मरतात आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून तो गोड वाइन करायची तर चरचर जोरात असताना ओततात आणि कोरडी करायची तर पिंप गप्प झाल्यावर. नंतर मोजमापाची काचनळीही घालून बघतात, पण काकांचा शब्द कानाचा. दुसरी रीत अशी, की अर्क जो ओतेल त्यानं पिंपाच्या तोंडावर खडूनं आपली खूण करायची. ते पिंप आहे तोवर ती खूण राहते. काकांची खूण होती गोल आणि मध्ये ठिपका.

त्या वर्षी टिटवीला सर्दी झाली होती. डोकं जड आणि दोन्ही कान बंद. सांगितलं तर घरी पाठवतील, आणि नवीन माणसाला घरी पाठवलं तर परत बोलावतीलच असं नाही, या भीतीनं ती गप्प राहिली. सतरा नंबरचं पिंप कोरड्या वाइनचं होतं. काका त्या सकाळी डॉक्टरकडे गेले होते. जाताना म्हणाले, "पिंप गप्प झालं की अर्क ओत. घाई नको." तिनं कान लावला. पिंप गप्प होतं. खरं म्हणजे तिला त्या दिवशी सगळं जगच गप्प होतं. तिनं अर्क ओतला.

संध्याकाळी काकांनी नळीनं घोटभर काढून जिभेवर घेतलं आणि तिच्याकडे बघितलं. वाइन ना धड कोरडी, ना धड गोड. अख्खं पिंप विकण्याच्या कामातून गेलं. तिनं सर्दीचं सांगितलं, रडत रडत. काका म्हणाले, "कान बंद असला तर बंद आहे म्हणून सांगावं. त्यात लाज कसली? लाज न सांगण्याची." एवढं बोलून त्यांनी खडू उचलला आणि सतरा नंबरवर स्वतःची खूण काढली, गोल आणि ठिपका. थोरल्या मालकांना, म्हणजे मालकीणबाईंच्या वडिलांना, त्यांनी सांगितलं, ओतला तो मीच. मालकांनी वर्षभर त्यांच्याशी धड बोलणं ठेवलं नाही आणि पुढच्या हंगामात अर्काला हात लावू दिला नाही.

टिटवीची नोकरी राहिली. मुलगी शिकली, आता दातांची डॉक्टर आहे. दरवर्षी हंगामाआधी सगळ्या पिंपांवरच्या पुसट खुणा खडूनं गिरवायचं काम टिटवीचं. बाकीची पिंपं ती पटापट उरकायची. सतरा नंबरशी मात्र तिचा हात जड व्हायचा. तो गोल आणि तो ठिपका गिरवताना ती मनातल्या मनात काकांना नमस्कार करायची. एकोणीस वर्षांत हे तिनं एकदाही तोंडानं सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की काका विषय बदलायचे.

चार वाजता माणसं आली. एक निवृत्त मास्तरीण, चष्मा दोरीला बांधलेला. एक बस ड्रायव्हर आणि त्याची बायको, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलांनी हा वर्ग भेट दिलेला, त्यामुळे दोघंही वरात चुकून भलत्याच मांडवात शिरावी तसे अवघडून बसलेले. बाकी नऊ जण असेच. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मालकीणबाई, मांडीवर हात ठेवून.

काका रंगात होते. "पोर्ट, शेरी ही नावं ऐकली असतील," त्यांनी सुरुवात केली. "ती दूरच्या मुलखांची आहेत, ज्यांची त्यांना शोभतात. आपण आपल्या बाटलीवर लावत नाही. पण कृती तीच. साध्या वाइनमध्ये अर्क घालायचा. पूर्वी लांबच्या प्रवासात वाइन नासायची, म्हणून घालायला लागले. मग लोकांच्या लक्षात आलं, की अरे, ही तर जास्त चांगली लागते."

मग त्यांनी पेला दाखवला. पोटाशी रुंद, तोंडाशी अरुंद, म्हणजे वास आत कोंडून राहतो. "नेहमीच्या वाइनच्या निम्म्याहून कमी ओतायची. ही कडक असते. घटाघट पिणाऱ्यानं बाहेर जाऊन सरबत प्यावं, आमचा राग नाही." ड्रायव्हरची बायको हसली आणि नवऱ्याकडे बघितलं.

टिटवीनं पहिली, कोरडी, सगळ्यांच्या पेल्यांत ओतली. काका समजावून सांगत होते. कोरडी म्हणजे साखर नसलेली. ती फ्रिजमधून काढून गारच प्यायची, जेवणाआधी, सोबत खारे बदाम नाहीतर ऑलिव्ह. उघडली की आठवड्यात संपवायची. "आता वास घ्या," ते म्हणाले. स्वतःचा पेला नाकाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले. "हिरवं सफरचंद. नुकतं चिरलेलं. आणि मागे भिजवलेल्या पिठाचा वास."

बारा नाकं पेल्यांत गेली. ड्रायव्हर जरा घुटमळला. "मला माफ करा," तो म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. पण सफरचंद काही सापडत नाही बुवा. मला भाजलेल्या बदामाचा वास येतोय."

"मलाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि जुन्या लाकडी कपाटाचा."

टिटवीनं हातातल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली. सकाळची बाटली तीन नंबरच्या पिंपातली होती, तरुण. तिनं घाईत काढलेली ही बाटली नऊ नंबरची निघाली, बारा वर्षं मुरलेली. वास सगळा वेगळा. काकांना वाचवायला गेली आणि तिनंच त्यांना तोंडघशी पाडलं. कोपऱ्यात मालकीणबाईंनी आपला पेला हुंगला आणि मान वर केली.

काकांनी डोळे उघडले. पेला दिव्यासमोर धरला. तेव्हा त्यांना रंग दिसला, फिक्या पिवळ्याऐवजी मधासारखा. त्यांनी टिटवीकडे बघितलं. ती खाली बघत होती, आणि सकाळच्या बाटलीचं काय झालं असणार हे त्यांना न सांगता कळलं. ड्रायव्हरला वाटलं आपण काहीतरी वावगं बोललो, त्यानं पेला अलगद खाली ठेवला.

"तुमचं बरोबर आहे," काका त्याला म्हणाले. "हे बदामच. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं." ते खुर्चीवर बसले. या वर्गात ते कधी बसत नसत. "मला वास येत नाही. ताप आला होता, त्यात गेला. चार महिने झाले. एका बाईला मी एकदा मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की बंद असेल ते बंद आहे म्हणून सांगावं, लाज न सांगण्याची असते. माझी पाळी आली तेव्हा मला ते जमलं नाही. मालकीणबाई, ते खोकं माझ्यामुळे परत आलं. वर्ग बंद करायचा तर करा. पण या लोकांनी वेळ काढलाय, आजचा पुरा करू द्या."

मालकीणबाई म्हणाल्या, "करा पुरा."

काका उठले. दुसरा पेला, गोड वाइनचा, त्यांनी नाकाशी नेला नाही. "मी आता जीभ आणि घसा एवढंच सांगू शकतो," ते म्हणाले. "जिभेला गोडी येईल, मग हिरड्यांना जरा आवळल्यासारखं होईल, मग छातीत ऊब. ती ऊब म्हणजे अर्क. ही थोडी गार प्यायची, जेवणानंतर, सोबत अक्रोड, जुनं चीज नाहीतर कडू चॉकलेट. उघडल्यावर महिनाभर टिकते. आता वासाचं तुम्ही मला सांगायचं. चूक-बरोबर काही नाही. मला खरंच माहीत नाही."

आणि गंमत झाली. मघापर्यंत परीक्षेला बसल्यासारखी बसलेली माणसं एकदम बोलायला लागली. कुणाला सुकवलेले आलुबुखार, कुणाला तंबाखूचा डबा. ड्रायव्हरची बायको म्हणाली, तिच्या आईच्या ट्रंकेत साबणाची वडी असायची, तसं काहीतरी. काका प्रत्येकाकडे वळून ऐकत होते, मान हलवत होते, "ट्रंक लोखंडी होती की लाकडी?" असं विचारत होते. छपराखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षं उन्हानं तापवलेली तिसरी वाइन आली तेव्हा मास्तरीणबाई उभ्या राहूनच बोलल्या. "ही उघडून विसरलात तरी वर्षभर बिघडत नाही," काका म्हणाले, "आमच्यासारखी नाही." सगळे हसले. टिटवीला मात्र हसू येईना.

शेवटी काका म्हणाले, "टिटवे, सतरा नंबरची आण."

ती वर्गात कधी देत नसत. टिटवी नळी आणि सुरई घेऊन पिंपाशी गेली. तो गोल, तो ठिपका, याच हंगामात तिनं गिरवलेला. वाइन काढून ती टेबलाशी परत आली, सगळ्यांना ओतली, आणि काका तोंड उघडायच्या आत म्हणाली, "हिच्याबद्दल मी सांगते."

"अगं, कशाला," काका म्हणाले.

"आज विषय बदलू नका, काका." सर्दी, बंद कान, अर्क, खडू, वर्षभराचा अबोला, सगळं तिनं सांगितलं. मालकीणबाईंकडे वळून म्हणाली, "पिंप मी बिघडवलं आणि खूण यांनी केली. माझं घर या खुणेवर उभं राहिलंय. माझी मुलगी यांच्यामुळे शिकली. एकोणीस वर्षांत मी यांना साधं थँक्यू म्हटलं नाही. आज म्हणते." आणि सगळ्यांदेखत तिनं वाकून काकांच्या पायांना हात लावला. काका इतके गोंधळले की त्यांनी हातातला पेला आधी या हातात घेतला, मग त्या हातात.

मालकीणबाईंनी सतरा नंबरचा घोट घेतला. "बाबा शेवटच्या आजारपणात जेवणानंतर हीच मागायचे," त्या म्हणाल्या. "ना कोरडी, ना गोड, आणि तरी दुसरं काही नको म्हणायचे. एकदा मला म्हणाले, काकांच्या कानाची अशी चूक होणं शक्य नाही. कुणाला तरी पाठीशी घातलंय. ज्यानं ही केली त्याला सांग, की मला आवडली. मला वाटलं, तापात बडबडताहेत."

टिटवीनं सुरई उचलून मालकीणबाईंच्या पेल्यात आणखी थोडी ओतली.

वर्ग संपला. ड्रायव्हरनं निघताना काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "आम्हाला वाटलं होतं, आमची इथं फजिती होणार. तुम्ही आम्हालाच विचारत बसलात." त्याच्या बायकोनं उरलेले खारे बदाम पुडीत बांधून मागून घेतले. टिटवी पेले गोळा करत असताना मालकीणबाई तिला म्हणाल्या, "टिटवीताई, बाटल्या तपासायचं काम उद्यापासून तुमचं. आणि रविवारचा वर्ग दोघं मिळून घ्या. त्या शहरातल्या गृहस्थांना येऊ नका म्हणून मी फोन करते." काकांकडे बघून त्या म्हणाल्या, "खोक्याचं मात्र मला आधी सांगायला हवं होतं, काका." काका म्हणाले, "हो. हवं होतं."

मालकीणबाई गेल्यावर काकांनी खिशातून खडू काढला, फडकं घेतलं आणि सतरा नंबरकडे निघाले. ते काय करणार हे कळून टिटवी आडवी आली.

"पुसायचं नाही."

"अगं, ओतलंस तू. रीत ती रीत."

"ओतलं मी, सांभाळलं तुम्ही. राहू दे ती." तिनं त्यांच्या हातातला खडू घेतला आणि गोलाच्या शेजारी आपली खूण काढली, दोन रेघांची चोच. मग जुन्या सवयीनं गोल आणि ठिपकाही एकदा गिरवला. या वेळी हात जड झाला नाही.

सुरईत दोन घोट उरले होते. काकांनी ते एका पेल्यात ओतले, पेला हलवला आणि अडतीस वर्षांच्या सवयीनं नाकाशी नेला. क्षणभर तसेच थांबले. मग हात लांब करून त्यांनी तो पेला टिटवीच्या नाकाखाली धरला.

"घे," ते म्हणाले. "आणि सावकाश सांग. मला काही घाई नाही."